आधी भट्टी बघा, मग प्लॉट

पवनचक्की उतरवली की भंगारवाल्याची नजर आधी मनोऱ्यावर जाते. पोलाद टनावर विकले जाते, जनित्रातले तांबे किलोवर. गिअरबॉक्सला वेगळे गिऱ्हाईक असते आणि काळे तेल न्यायलासुद्धा कुणीतरी पिंपे घेऊन येतो. मागे उरतात तीन पाती. त्यांचा भाव कोणी करत नाही. माळावर आडवी पडलेली, शेंड्याकडचा रंग वाऱ्या-धुळीने उडालेला, बुडाशी बोल्टच्या भोकांचे कडे. लांबून ती हलकी वाटतात, पण उचलायला क्रेन लागते.

अशी पाती पुढच्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रात हजारोंनी उतरणार आहेत. पाटण तालुक्यातले वनकुसवडे आणि साताऱ्याजवळचे चाळकेवाडीचे पठार, सांगलीतला ढालगाव-जतचा पट्टा, धुळ्यातल्या साक्री तालुक्यातले ब्राह्मणवेल, अहिल्यानगरमधला सुप्याजवळचा कवड्या डोंगर. इथल्या पहिल्या पिढीच्या यंत्रांनी वयाची वीस वर्षे ओलांडली किंवा ओलांडत आणली आहेत, आणि पवनचक्कीचे आयुष्य वीस ते पंचवीस वर्षेच धरलेले असते. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने जुन्या पवनचक्क्या काढून नव्या उभारण्याचे सुधारित धोरण आणले. 2 मेगावॅटपेक्षा लहान यंत्रे त्यात बसतात आणि देशभरात अशी क्षमता 25.4 गिगावॅट असल्याचा अंदाज त्यात आहे. 350 किलोवॅटची दहा यंत्रे काढायची आणि त्याच वाऱ्यावर मोठी एक-दोन उभी करायची, हा व्यवहार चांगलाच आहे. पण उतरवलेली पाती न्यायची कुठे?

या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर मिळते. औद्योगिक वसाहतीत पडून असलेला एखादा मोठा प्लॉट शोधायचा, 'पुनर्वापर पार्क' अशी पाटी लावायची आणि फीत कापायची. आमचे मत याच्या उलट आहे. पात्यांची जागा निवडायची ती शेवटाकडून उलटे येत. चुरा शेवटी कोणत्या भट्टीत जाणार, ती भट्टी लेखी काय कबूल करते, हे आधी ठरले पाहिजे. मग रस्ता, मग यार्ड. प्लॉट सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला की पुनर्वापर केंद्राचा उकिरडा व्हायला दोन पावसाळे पुरतात.

पाते मुळात कशाचे असते ते पाहू, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. काचतंतूचे थर इपॉक्सी किंवा पॉलिएस्टर राळेत भिजवून साच्यात घट्ट केलेले असतात. दोन बाजूंची टरफले आतून पातळ असतात आणि त्यांच्या पोटात बाल्सा लाकूड किंवा फोम भरलेला असतो. मधून लांबीभर जाड पट्टा जातो, तो सगळा भार घेतो. बुडाशी पोलादी बोल्ट, आतून वीज जमिनीत उतरवणारी तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची तार, वरून पॉलियुरेथेनचा रंग. ही राळ वितळत नाही. एकदा भाजलेल्या भाकरीचे जसे पुन्हा पीठ होत नाही, तशीच तिची गत. प्लास्टिकच्या बादल्या वितळवून पुन्हा बादल्या करणारा कारखाना त्यामुळे इथे काही कामाचा नाही.

काचतंतू सोडवून घेण्याचे मार्ग आहेत, ते नाकारायचे कारण नाही. हवेशिवाय साडेचारशे-सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की राळेचा वायू आणि तेल होते, तंतू उरतो. पण त्या उष्णतेत काचतंतूची ताकद निम्म्याच्या आसपास घटते आणि नवा काचतंतू बाजारात इतका स्वस्त आहे की हा दुबळा जुना तंतू महाग पडतो. कार्बन तंतूची गोष्ट वेगळी, तो महाग असल्याने सोडवणे परवडते. आपल्या पठारांवरची जुनी यंत्रे मात्र जवळपास सगळी काचतंतूची आहेत. पोलंडमध्ये श्प्रोतावा इथे 2021 मध्ये आणि आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात 2022 मध्ये जुन्या पात्यांच्या तुळया करून पादचारी पूल बांधले. काम देखणे आहे. एका पुलाला दोन-तीन पाती लागतात, आपल्याकडे ती हजारोंनी येणार आहेत.

म्हणून आज हाताशी असलेला, प्रमाणात बसणारा मार्ग सिमेंटच्या भट्टीचा. राळ आणि लाकूड जळून कोळशाची बचत होते, काचेतला सिलिका, चुना आणि अॅल्युमिना क्लिंकरमध्ये, म्हणजे दळले की सिमेंट होणाऱ्या भाजलेल्या खड्यांमध्ये, मिसळून जातो आणि मागे राख उरत नाही. जर्मनीने 2005 पासून अशा कचऱ्याला जमिनीत पुरायची दारे बंद केली, तेव्हा उत्तर जर्मनीत लेगरडॉर्फच्या सिमेंट कारखान्याने हाच मार्ग धरला. आपल्याकडेही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये काचतंतूयुक्त थर्मोसेट, म्हणजे एकदा घट्ट झाले की न वितळणाऱ्या, प्लास्टिकसाठी सिमेंट भट्टी सुचवलेली आहे. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी किलोला 1500 किलोकॅलरी किंवा जास्त उष्मांक असलेला, पुनर्वापर न होणारा कचरा जमिनीत पुरायला मनाई केली. पात्याच्या चुऱ्याचा उष्मांक राळेच्या प्रमाणानुसार दोन-अडीच हजारांच्या घरात असतो. म्हणजे 'आहे त्याच पायाच्या खड्ड्यात पुरून टाकू' हा ठेकेदारांचा लाडका तोडगा नियमांच्या भावनेत तरी कुठेच बसत नाही.

आता किती माल आहे ते मोजू. ढोबळ नियम असा की एका किलोवॅटमागे दहा किलो पाती. 350 किलोवॅटच्या यंत्राची तीन पाती मिळून साडेतीन टन, सव्वा मेगावॅटची बारा टनांच्या आसपास. राज्यात पवनऊर्जेची क्षमता पाच हजार मेगावॅटहून थोडी अधिक, म्हणजे एकूण पन्नास हजार टनांहून थोडी जास्त पाती. ती पंधरा वर्षांत उतरली तर वर्षाला साडेतीन हजार टन. दिवसाला साडेनऊ-दहा टन.

दिवसाला दहा टन. हा आकडा नीट बघायला हवा, कारण मोठमोठ्या पार्कांच्या कल्पना इथेच कोसळतात. रोज पाच हजार टन क्लिंकर काढणारी मध्यम भट्टी दिवसाला साडेसहाशे-सातशे टन कोळसा खाते. तिला दहा टन चुरा म्हणजे चिमूटभर. एक बऱ्यापैकी औद्योगिक श्रेडर तासाला दोन-तीन टन फाडतो, म्हणजे सगळ्या राज्याची पाती एका यंत्राची एका पाळीची कामगिरी. दिवसाला पन्नास टनांचा कारखाना टाकला तर तो उपाशी राहील. उपाशी कारखान्याचा मालक मग काय करतो? पाती स्वीकारताना मिळणाऱ्या शुल्कावर दिवस काढतो, फाडायचे काम पुढे ढकलतो आणि आवारात ढीग वाढत जातो.

हे अमेरिकेत घडून गेले आहे. टेक्ससमधले स्वीटवॉटर हे गाव नकाशावर अगदी बिनचूक होते. चहूबाजूंनी पवनचक्क्या, शेजारून आंतरराज्य महामार्ग, रेल्वे. तिथे पुनर्वापरासाठी म्हणून पाती आणली गेली, तुकडे केले गेले आणि ते हजारोंच्या संख्येने वर्षानुवर्षे उघड्यावर पडून राहिले. आयोवातल्या न्यूटनमध्येही तसेच झाले, तिथे 2024 मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांना कोर्टात जावे लागले. दोन्हीकडे माल आत येण्याची वाट उत्तम होती. बाहेर जाण्याची वाट कागदावर होती. वायोमिंगमधल्या कॅस्परने निदान लपवाछपवी केली नाही, पात्याचे तीन तुकडे केले आणि सरळ पुरले. त्या फोटोंनी जगभर पवनऊर्जेची जेवढी बदनामी केली, तेवढी तिच्या विरोधकांनाही जमली नसती.

तर आधी भट्ट्या पाहू. महाराष्ट्राच्या नकाशावर सिमेंटचे कारखाने बरेच दिसतात आणि इथेच मंत्रालयातला माणूस फसतो. सोलापूरजवळचे होटगी, जळगावजवळचे नशिराबाद, रत्नागिरी, डोलवी इथले कारखाने दळणाचे आहेत. तिथे बाहेरून आलेला क्लिंकर राख किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) घालून दळतात. चौदाशे अंशांची भट्टी तिथे नाहीच. पाती घेऊन तिथे जाणे म्हणजे भाकरी भाजायला पिठाच्या गिरणीत जाण्यासारखे. क्लिंकरच्या भट्ट्या राज्यात आहेत त्या चंद्रपूर-यवतमाळच्या चुनखडीवर: आवारपूर, गडचांदूर, उपरवाही, घुग्गुस, मुकुटबन. आणि पवनचक्क्या आहेत राज्याच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला. साताऱ्याहून चंद्रपूर साडेसातशे किलोमीटरच्या आसपास पडते.

जवळच्या भट्ट्या शेजारच्या राज्यांत आहेत. पाटण-साताऱ्याला आणि सांगली-जतला जवळची म्हणजे बागलकोट जिल्ह्यात मुधोळ तालुक्यातली मुद्दापूरची. तिच्या मागे कलबुर्गी पट्ट्यातल्या वाडी, सेडम, मळखेड. सुप्याच्या मालाला सोलापूरमार्गे हाच पट्टा बरा. साक्रीला चंद्रपूरही लांब आणि कलबुर्गीही लांब, पण सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात मनावरजवळ मोठी भट्टी आहे, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर. राज्याच्या सीमेचा आग्रह धरून हीच पाती विदर्भात न्यायची ठरली तर डिझेलचा धूर तिप्पट होईल. म्हणून पहिले काम जमिनीचे नाही, पत्रव्यवहाराचे आहे. महाराष्ट्र, कर्नाटक आणि मध्य प्रदेशच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांनी या मालाच्या आंतरराज्य वाहतुकीची नोंद, चाचणी आणि पावती यांची एक पद्धत ठरवायची. ते झाल्याशिवाय कुठलाही प्लॉट मोजू नये.

दुसरी गोष्ट ट्रकची. पात्यांच्या वाहतुकीत पैसा वजनाला पडत नाही, हवेला पडतो. बारा मीटरच्या ट्रेलरवर साधारण पंचाहत्तर घनमीटर जागा मिळते. पाते नुसते आडवे कापून नळ्यांसारखे तुकडे रचले तर त्यात सहा-सात टनच बसतात, बाकी पोकळी. तेच पाते पुढच्या आणि मागच्या धारेवरून उभे चिरले की शेंगेची दोन टरफले सुटावीत तशी दोन बाजू वेगळ्या होतात, एकात एक बसतात आणि त्याच ट्रेलरवर अकरा टनांपर्यंत माल जातो. पूर्ण चुरा केला तर चोवीस टन. हजार टन मालाला पहिल्या पद्धतीने दीडशे फेऱ्या, दुसरीने नव्वद, तिसरीने बेचाळीस.

वनकुसवड्यापासून पाटणमार्गे कराडजवळच्या तासवडे औद्योगिक वसाहतीपर्यंत साठेक किलोमीटर, तिथून मुद्दापूर दोनशेवीसच्या आसपास. नळ्या थेट भट्टीला नेल्या तर हजार टनांमागे एका बाजूचे बेचाळीस हजार किलोमीटर. टरफले थेट नेली तर पंचवीस हजार. टरफले तासवड्यापर्यंत आणि पुढे चुरा, असे केले तर पंधरा हजारांच्या आत. फाडायची जागा कुठे असावी हा वाद या तीन आकड्यांत जवळजवळ मिटतो. माल जितक्या लवकर दाट होईल तितके बरे. मग श्रेडर थेट पठारावरच का नको, असे कोणीही विचारील, आणि गणित तिकडेच बोट दाखवते. पण गणितात न मावणाऱ्या तीन गोष्टी आहेत.

एक म्हणजे पाणी आणि धूळ. पाते कापताना हिऱ्याच्या दाण्यांच्या तारेची करवत वापरतात, तिच्यावर सतत पाणी सोडतात, नाहीतर तार जळते आणि बारीक धूळ उडते. काचेची ही धूळ सिलिकोसिस करणाऱ्या स्फटिकी सिलिकाची नसते, पण कातडीला खाज, डोळ्यांना आग आणि छातीला त्रास नक्की. करवतीखालचे पांढरट पाणी हौदात धरले नाही तर जांभ्या दगडाच्या सड्यावरून ते थेट कोयनेच्या आणि तारळीच्या खोऱ्यात उतरते. कापणी पठारावर करावीच लागते, कारण अखंड पाते घाटाच्या वळणातून खाली आणणे फार जिकिरीचे. पण तेवढीच करावी: क्रेनच्या पायथ्याशी, ताडपत्रीवर, पाण्याचा हौद ठेवून, यंत्रामागे एक-दोन दिवस. कायमचा श्रेडर तिथे नको.

दुसरी, पठार ओसाड नाही. चाळकेवाडीचा सडा म्हणजे नुसती वाऱ्याची जमीन नव्हे. तिथल्या निळ्या-केशरी गळ्याच्या सरड्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नावच आपल्या 'सरडा' शब्दावरून 'सारदा' असे पडले आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच पठारावर पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी घटल्याचे आणि सरडे वाढल्याचे दिसले. म्हणजे तिथली जीवसाखळी आम्ही आधीच हलवली आहे. त्यात सह्याद्री व्याघ्र प्रकल्प शेजारी. जुनी यंत्रे काढल्यावर त्या जागेला थोडी उसंत मिळायला हवी, तिथे आणखी एक कारखाना नको.

तिसरी, पाऊस. सह्याद्रीच्या माथ्यावर जून ते सप्टेंबर काहीच करता येत नाही. शिवाय तोच वाऱ्याचा हंगाम, वीज तेव्हाच मिळते, त्यामुळे मालक तेव्हा यंत्र थांबवत नाहीत. उतरवणीची कामे नोव्हेंबर ते मे उरकतात. वर्षाचा सगळा माल सहा-सात महिन्यांत अंगावर येतो आणि भट्टीला तर तो वर्षभर, थेंबाथेंबाने हवा असतो. मधला साठा कुठेतरी ठेवावाच लागतो, तो घाटमाथ्याच्या पावसात नव्हे.

म्हणून उत्तर घाटाच्या पायथ्याशी, महामार्गालगत, वीज आणि अग्निशमनाची सोय असलेल्या आधीच्याच औद्योगिक जागेत. पाटण-साताऱ्यासाठी तासवडे, ढालगाव-जतसाठी जतच्या आसपास कर्नाटकच्या वाटेवर, साक्रीसाठी धुळ्याच्या उत्तरेला आग्रा रस्त्यावरचे नरडाणे, जिथून मनावरची वाट सरळ आहे. तीन लहान यार्डे. कवड्या डोंगराचा माल थोडा आहे, त्याला स्वतंत्र यार्ड नको, सुप्यात तात्पुरता उतारा पुरे. श्रेडर मात्र एकच, ट्रेलरवर चढवलेला, हंगामानुसार तिन्हीकडे फिरणारा. तो दोन महिने एके ठिकाणी बसेल, साठा संपवेल आणि पुढे जाईल. ऊसतोडीच्या टोळ्या फडाफडाने फिरतात, कारखाना काही फडात बांधत नाहीत.

यार्ड किती मोठे लागेल? धरा, एका हंगामात जास्तीत जास्त दोन हजार टन आले. टरफले रचल्यावर घनमीटरला दीडशे किलो धरली तर तेरा हजार घनमीटरच्या वर. अडीच मीटरपेक्षा उंच रचू नये, कारण टरफले घसरतात आणि आग लागली तर बंबाचे पाणी आतपर्यंत पोचत नाही. म्हणजे साधारण साडेपाच हजार चौरस मीटर रचणी आणि तेवढीच जागा आगपट्टे, ट्रेलर वळवणे आणि चुऱ्याची शेड यांना. एक हेक्टर, अडीच एकर. कोणी पंचवीस एकर मागत असेल तर त्याला पाती फाडायची नाहीत, साठवायची आहेत असे समजावे.

टरफलांवरची शेड हा खर्च वाचवण्याचा भाग नाही. चिरलेल्या टरफलात बाल्सा उघडा पडतो आणि तो स्पंजसारखा पाणी पितो. भिजलेला बाल्सा श्रेडरच्या दातांत लगद्यासारखा गुंडाळतो, चाळणी बुजते, आणि भट्टीत गेल्यावर त्याच्यातले पाणी उडवण्यातच उष्णता जाते. उघड्यावर ठेवलेल्या वाकड्या टरफलांत पावसाचे पाणी साठून डासांची पैदास होते, ते वेगळेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणव्याची ठिणगी अशा ढिगात पडली तर निघणारा काळा धूर शेजारच्या गावाला आठवडाभर पुरेल. आगपट्टे आखून, गवत कापून ठेवलेले नसेल तर यार्डाला परवानगीच नसावी.

फाडण्याआधी पाते उघडून साफ करावे लागते आणि बहुतेक बिघाड इथल्या घाईतून होतात. बुडाकडचा पहिला मीटर वेगळा कापायचा. तिथे साठ-सत्तर मिलिमीटर जाड थरात पोलादी बोल्ट आणि आडव्या नळ्या रुतलेल्या असतात. तो भाग तसाच श्रेडरमध्ये गेला की दात तुटतात आणि यंत्र दोन दिवस बंद. वीजवाहक तार ओढून काढायची, ती विकली जाते म्हणून ती कोणी विसरत नाही. काही जुन्या यंत्रांत पात्याच्या टोकाला वळणारा ब्रेक असतो, त्याचा पोलादी दांडा आणि तार टोकाच्या आत दडलेली असते. ती मात्र हमखास विसरतात. मग पन्नास मिलिमीटरच्या चाळणीतून चुरा, त्यावर चुंबक, आणि शेवटी मोठ्या पोत्यांत बंद.

भट्टीवाला काय विचारणार हेही यार्ड आखण्याआधी माहीत हवे. तुकडा पन्नास मिलिमीटरच्या आत का? तंतूंची लांब गुंतवळ तोलकाट्यावर आणि पोहोचवणाऱ्या स्क्रूमध्ये अडकते. मुख्य ज्वाळेत न टाकता हा माल प्रीकॅल्सिनरला, म्हणजे भट्टीच्या आधीच्या जळणकक्षाला, देतात, तिथे तो तरंगत जळायला हवा. क्लोरीन किती? काही जुन्या पात्यांत पीव्हीसीचा फोम आहे. त्यातला क्लोरीन प्रीहीटरच्या, म्हणजे कच्चा माल आधी तापवणाऱ्या मनोऱ्याच्या, सायक्लोनमध्ये क्षारांचे थर जमवतो, वाट बुजते आणि भट्टी थांबते. भट्टी एक दिवस थांबली तर जाणारा पैसा पात्यांच्या वर्षभराच्या शुल्काहून मोठा असतो, म्हणून या प्रश्नावर भट्टीवाला कधीच सवलत देत नाही. पीव्हीसीची पाती यार्डातच वेगळी रचावीत, त्यासाठी प्रत्येक तुकड्यावर यंत्राचे मॉडेल आणि क्रमांक रंगाने लिहिलेला असावा.

बोरॉनबद्दल मात्र जरा जास्तच भीती घातली जाते. जुन्या ई-काचेत, म्हणजे पात्यांच्या तंतूंच्या नेहमीच्या काचेत, पाच ते आठ टक्के बोरॉन ऑक्साइड असते आणि बोरॉन वाढले की सिमेंट सेट व्हायला वेळ लावते, हे खरे. पण रोज दहा टन चुरा पाच हजार टन क्लिंकरमध्ये मिसळला तर बोरॉनचा वाटा टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरतो. धोका आहे तो साठलेला सगळा माल दोन दिवसांत उरकण्याच्या मोहात. शेड हवी आणि पोती हवीत ती यासाठीही.

जाळण्याला पुनर्वापर म्हणायचे का, हा आक्षेप रास्त आहे. तंतू गेला तो गेला, त्याचे पुन्हा पाते होणार नाही. आमचे म्हणणे इतकेच की खनिजाचा भाग, म्हणजे वजनाचा निम्म्याहून अधिक वाटा, क्लिंकरचा कच्चा माल होतो आणि कोळसा व चुनखडी तेवढी कमी लागते. पुरण्यापेक्षा हे बरे, नव्या पात्यापेक्षा कमी. राळ सुटी करता येणारी पाती काही उत्पादक 2021 पासून बनवू लागले आहेत, इपॉक्सी रसायनाने उकलण्याची पद्धतही 2023 मध्ये जाहीर झाली. ती उद्या परवडू लागली तर यार्ड तिथेच राहील, पोत्यांवरचा पत्ता बदलेल. पंचवीस एकरांवरच्या अवजड कारखान्याला अशी कूस बदलता येत नाही. स्पेनसारखी नुसत्या पात्यांसाठीची मोठी कारखानदारी आपल्याकडे यायची तर कार्बन असलेली नवी पाती उतरायला लागतील तेव्हा, म्हणजे अजून दीड-दोन दशकांनी.

खरी अडचण यंत्रांची नाही, मालकीची आहे. 1990 च्या दशकात पहिल्याच वर्षी 100 टक्के घसारा मिळत होता, नंतरच्या काळात हा दर 80 टक्के झाला. त्या करसवलतीसाठी ज्यांचा विजेशी संबंध नाही अशा कापड गिरण्या, साखर व्यापारी, दुकानदार यांनी एकेक-दोनदोन यंत्रे घेतली. एका पठारावर शेजारशेजारच्या यंत्रांचे मालक वेगळे, देखभाल करणारा तिसराच. तेरा वर्षांचे वीज खरेदी करार संपल्यावर अनेकांचा रसच संपला. असा मालक मनोऱ्याचे पोलाद विकतो, पैसे खिशात टाकतो आणि पाती ठेकेदाराच्या गळ्यात टाकतो. ठेकेदार ती ज्या शेतकऱ्याच्या जमिनीवर पडली त्याच्या गळ्यात टाकतो. यार्ड कितीही चांगल्या जागी असले तरी तिथपर्यंत पाती आणायला कुणी तयार नसेल तर ते रिकामेच राहणार.

म्हणून जागेच्या निवडीबरोबर एक अट जोडली पाहिजे. नव्या यंत्राला वीजवाहिनीशी जोडायचा दाखला महाऊर्जाने, म्हणजे राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेने, तेव्हाच द्यावा, जेव्हा जुन्या पात्यांच्या वजनाची भट्टीची पावती समोर येईल. यार्डाची पावती नव्हे, भट्टीची. यार्डाची पावती फक्त माल हलल्याचे सांगते. यार्डचालकाकडून, एका हंगामाचा साठा दुसऱ्याच्या खर्चाने उपसून भट्टीत पोचवायला लागेल तेवढी बँक हमी आधी घ्यावी. आणि नोव्हेंबरला पुढचा हंगाम सुरू होताना मागच्या हंगामाचा एकही तुकडा आवारात दिसला तर नवा माल घेणे बंद. तासवड्यातल्या किंवा नरडाण्यातल्या शेजाऱ्यांनी ग्रामसभेत या प्रकल्पाला विरोध करण्यापेक्षा ही तारीख मागून घ्यावी. तपासायला सोपी आहे, कुंपणाबाहेरून दिसते.

पहिल्या वर्षाची सुरुवात कुठून करायची तर साक्रीपासून. तिथे घाट नाही, पाऊस कमी, नरडाण्यापर्यंतचा रस्ता सपाट, आणि मनावरच्या भट्टीत पंचवीस-तीस टनांची चाचणी घेऊन क्लोरीन, धूर आणि सिमेंटचा सेट होण्याचा वेळ मोजता येईल. तेवढ्याला सव्वा मेगावॅटची तीन यंत्रे पुरतात. त्या चाचणीचा अहवाल हातात आला की मग मुद्दापूरशी बोलणी आणि मग पाटणचा घाट. पाऊस संपता संपता क्रेनची नोंदणी सुरू होते, तेव्हा करार त्याआधी सह्या होऊन तयार हवेत, म्हणजे सप्टेंबरच्या आत.